अमेरिकन बीटलला जर्मन इंडिकेटर: एका पासिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण स्टुटगार्टजवळच्या एका गावातलं आहे. गाडीमालक मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं जर्मनीत नोकरी करतात. इथल्या मराठी मंडळींत सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच म्हणतो. माझं रोजचं काम गाड्यांच्या दिव्यांशी आणि वायरिंगशी असल्यामुळे त्यांनी मला सुरुवातीपासून यात ओढलं. पुढचं सगळं त्यांच्या परवानगीने लिहितो आहे.

गाडी 1971 ची फोक्सवॅगन बीटल. एम्डेनचा कारखाना 1964 मध्ये मुख्यतः अमेरिकेला पाठवायच्या गाड्यांसाठी उभा राहिला. ही गाडी तिथेच तयार होऊन थेट कॅलिफोर्नियाला गेली आणि तिचं सगळं आयुष्य तिकडच्या कोरड्या हवेत गेलं. म्हणूनच पत्रा अजून शाबूत होता. एका आयातदाराने ती परत जर्मनीत आणली आणि दादांनी त्याच्याकडून घेतली. मूळ रंग, मूळ सीट, गंज जवळपास नाही. अशा गाडीच्या प्रेमात पडायला वेळ लागत नाही.

दादांना तिला एच पाटी हवी होती. तीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला जर्मनीत नंबराच्या शेवटी एच अक्षर मिळतं. मग रस्ताकर वर्षाला ठरलेला 191.73 युरो, इंजिन केवढंही असो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शहरांतल्या प्रदूषण-मर्यादित भागात हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. स्टुटगार्ट असा भाग आहे. एच पाटी नसती तर ही गाडी शहराबाहेरच फिरवावी लागली असती.

बाहेरून आलेल्या गाडीला इथे आधी वाहन नियमावलीच्या कलम 21 खाली एकेका गाडीची सविस्तर तपासणी करून परवाना घ्यावा लागतो. जुन्या गाडीची एच पाटीची तपासणी कलम 23 खाली होते आणि ती बहुधा त्याच भेटीत उरकते. आयातदाराने दादांना सांगितलं होतं, "दिवे बदललेत, तपासणीला काही अडणार नाही." बदलले होते हेडलाइट. अमेरिकेतले बंद काचेचे सीलबंद दिवे काढून युरोपीय मंजुरीचे बसवले होते. मागच्या दिव्यांनाही पिवळ्या इंडिकेटरच्या काचा घातलेल्या होत्या. पुढच्या इंडिकेटरना मात्र कोणी हात लावला नव्हता.

नेमकी अडचण

पहिल्या तपासणीत परीक्षकाने गाडी उचलून खालून पाहिली, ब्रेक पाहिले, सगळं ठीक म्हटलं. मग अंधारलेल्या कोपऱ्यात उभं राहून पार्किंग लाइट लावायला सांगितला. दोन्ही मडगार्डवरचे इंडिकेटर पिवळे होऊन पेटून राहिले. हेडलाइटच्या आत पांढरा छोटा दिवा असायला हवा होता, तिथे अंधार. कागदावर दोन त्रुटी आल्या: पुढचा पार्किंग लाइट पांढरा नाही, आणि पुढच्या इंडिकेटरच्या काचेवर युरोपीय किंवा जर्मन मंजुरीची खूण नाही.

दादा बाहेर येऊन म्हणाले, "अरे, पण दिवे लागतायत ना! इंडिकेटर लुकलुकतोय, पार्किंगही लागतोय. मग यांना हवंय काय?"

सगळं प्रकरण याच प्रश्नात आहे. अमेरिकेत 1963 च्या मॉडेलपासून पुढचे इंडिकेटर पिवळे झाले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथे दिव्यांचं संघीय मानक क्रमांक 108 लागू झालं. त्यात पुढचा पार्किंग लाइट पांढरा किंवा पिवळा, दोन्ही चालतो. त्यामुळे बहुतेक कारखान्यांनी सोयीचा मार्ग धरला. एकाच घरात, म्हणजे दिव्याच्या डबीत, दोन फिलामेंटचा बल्ब बसवला. छोटं फिलामेंट पार्किंगसाठी सतत जळणार, मोठं इंडिकेटरसाठी लुकलुकणार. त्याच मानकाने बाजूला दिवे आणि परावर्तक यांचीही सक्ती आणली आणि 1970 पासून दोन्ही असणं बंधनकारक झालं. म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या 1970 पासूनच्या बीटलचा मडगार्डवरचा इंडिकेटर एकदम मोठा झाला. बाजूचा दिवा आणि परावर्तकही त्यातच सामावले.

युरोपात विचार वेगळ्या दिशेने गेला. 1958 च्या जिनिव्हा करारातून दिव्यांचे समाईक नियम तयार होत गेले. इंडिकेटरसाठी नियम 6, पुढच्या-मागच्या स्थितिदर्शक (म्हणजे पार्किंगच्या) दिव्यांसाठी नियम 7. यांत समोरून दिसणारा पांढरा दिवा म्हणजे "गाडी इथे आहे" आणि पिवळा दिवा म्हणजे "मी वळतोय". "गाडी इथे आहे" हे समोरून सांगायला पिवळा वापरायचा नाही. जर्मन नियमावलीतही कलम 51 पुढच्या पार्किंग लाइटला पांढरा रंग सांगतं, कलम 54 इंडिकेटरला पिवळा.

अमेरिकन मानकालाही धोका दिसला होताच. एकाच घरात दोन्ही दिवे असतील तर इंडिकेटरचा प्रकाश पार्किंगच्या किमान पाचपट हवा, अशी अट तिथे आहे. नवा बल्ब, स्वच्छ काच, पक्का अर्थ (दिव्यातला करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारा जोड) असेल तर हे पाचपट टिकतं. पन्नास वर्षांच्या गाडीत यातलं एकेक ढासळतं. पांढऱ्या पार्किंगची अट मला नुसती कागदी वाटत नाही ती एवढ्याचसाठी. समोरून येणाऱ्याला धुक्यात दोन पिवळे ठिपके दिसतात आणि त्यातला एक थोडा जास्त चमकला की नाही यावर त्याने ब्रेक मारायचा की नाही हे ठरायचं, हे मला पटत नाही.

दादांच्या गाडीत हे ढासळणं मोजता आलं. पार्किंग लाइट बंद असताना डावा इंडिकेटर बरा लुकलुकायचा. पार्किंग लावून डावा इंडिकेटर दिला की पुढचा दिवा उलटा चालायचा. मागचा पेटला की पुढचा विझायचा, मागचा विझला की पुढचा मंद पेटायचा. परीक्षकाच्या नजरेतून हे सुटलं होतं, कारण त्याने दोन्ही दिवे एकत्र लावून पाहिले नव्हते.

कारण अर्थ. दोन फिलामेंटच्या बल्बचं पितळी आवरण हा दोघांचा समाईक अर्थ असतो. इंडिकेटरचं घर मडगार्डला बोल्टने लागतं आणि अर्थ तिथूनच मिळतो. बोल्टाखाली गंज चढला की करंटला जायला वाट राहत नाही. मग छोट्या फिलामेंटमधून आलेला करंट आवरणातून उलटा मोठ्या फिलामेंटमध्ये शिरतो, तिथून इंडिकेटरच्या वायरने मागच्या दिव्यात जातो आणि तिकडचा अर्थ पकडतो. म्हणून पुढचं छोटं फिलामेंट पेटलेलं दिसतं. इंडिकेटर दिला की त्या वायरलाही बारा व्होल्ट येतात, दोन्ही टोकांना सारखाच दाब, आणि पुढचा दिवा विझतो. गाडी डावीकडे वळतेय हे समोरच्याला नीट कळतच नाही.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग सूट मागायचा. कलम 70 खाली राज्याचं खातं एखाद्या अटीतून सूट देऊ शकतं. परीक्षकाचं अनुकूल मत जोडावं लागतं. दादांना हा मार्ग आवडला होता, कारण गाडी जशी कॅलिफोर्नियात होती तशीच राहिली असती. मी त्यांना म्हटलं, आधी परीक्षकालाच विचारू. तो स्पष्ट बोलला. ज्या गाडीला जर्मन भाग कधी तयारच झाला नाही, तिथे तो सूट सुचवतो. इथे तर याच गाडीची जर्मन आवृत्ती त्याच वर्षी त्याच कारखान्याने विकली होती. त्याचे दिवे बसतात, मिळतात. मग सूट कशासाठी? त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं.

दुसरा मार्ग स्वस्त होता. अमेरिकन घर तसंच ठेवायचं, त्यातल्या छोट्या फिलामेंटची वायर काढून टाकायची आणि हेडलाइटमध्ये पांढरा पार्किंग लाइट जोडायचा. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. पहिली त्रुटी मिटते. दुसरी मात्र तशीच राहते, कारण काचेवर मंजुरीची खूण अमेरिकन. काचेच्या कडेवर आय, पी, ए अशी अक्षरं कोरलेली होती: आय म्हणजे इंडिकेटर, पी म्हणजे पार्किंग, ए म्हणजे परावर्तक. तिकडच्या नियमांच्या दृष्टीने सगळं रीतसर. इथे कलम 22अ प्रमाणे अशा भागावर मंजुरीची खूण हवी: वर्तुळात ई आणि देशाचा आकडा, जर्मनीचा 1, किंवा जुन्या भागांवर नागमोडी रेघ आणि के अक्षर. नुसती वायर काढून हे साधत नाही.

तिसरा मार्ग जर्मन आवृत्तीचे छोटे इंडिकेटर बसवायचा. एकाच फिलामेंटचा 21 वॉटचा बल्ब, पिवळी काच, बाकी काही नाही. याने दोन्ही त्रुटी मिटतात आणि एच पाटीलाही धक्का लागत नाही, कारण त्या काळी त्या गाडीला तोच भाग कारखान्यातून येत होता. अडचण मडगार्डची होती. अमेरिकन घराचा पाया मोठा, जर्मन घराचा लहान.

मधे दादांच्या एका मित्राने एलईडीचा सल्ला दिला. जुन्याच घरात पांढरा आणि पिवळा असे दोन्ही रंग देणारे बल्ब मिळतात, दिवसा पांढरा, वळताना पिवळा. पण दिव्याची मंजुरी त्यातल्या ठरलेल्या बल्बसकट असते. मंजूर घरात वेगळी मंजुरी नसलेला दुसऱ्या जातीचा प्रकाशस्रोत घातला की मंजुरी संपली. त्यातून पिवळ्या काचेतून पांढरा दिवा पांढरा दिसणारच नाही. हा विचार तिथेच थांबला.

तिसरा मार्ग ठरला. मग मडगार्डचं काय करायचं यावर दादांनी बराच वेळ घेतला.

निर्णयाचा खरा मुद्दा: मडगार्ड

बीटलची मडगार्डं बोल्टने लागतात. जुनी काढून जर्मन आवृत्तीच्या छिद्रांची नवी बसवणं अवघड नाही. गॅरेजवाल्याने हेच सुचवलं आणि पुढचा सगळा भाग एका रंगात रंगवून देतो म्हणाला. काम स्वच्छ झालं असतं, शंका नाही.

दादांनी मडगार्डवरून बोट फिरवत मला विचारलं, "तू असतास तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, रंग जुना आहे तोवरच या गाडीला तिची किंमत आहे. कॅलिफोर्नियाच्या उन्हाने उडालेला हा रंग आता कोणी देऊ शकणार नाही. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

त्यांनी मडगार्डं ठेवली. मोठं घर काढल्यावर त्याच्या रबरी पॅडखालचा रंग समोर आला: मूळ गडद निळा, उन्हाचा स्पर्श न झालेला. आजूबाजूचा निळा फिक्का. नवं घर त्याच्यावर बसवल्यावर भोवती अंगठ्याच्या जाडीची गडद कड उरली. जुन्या घराच्या बोल्टाचं एक छिद्र नव्या रबराच्या काठाखाली जेमतेम झाकलं गेलं. पाणी आत जाऊ नये म्हणून ते खालून रबरी बुचाने बंद केलं आणि काठाला सीलंट लावलं. गाडी जवळून पाहणाऱ्याला ही कड दिसते. दादांनी ती तशीच ठेवली आणि मला ते योग्य वाटलं.

भाग शोधताना काय झालं

पहिले इंडिकेटर दादांनी इंटरनेटवरून मागवले. फोटोत हुबेहूब. पार्सल उघडल्यावर काच उजेडात धरून पाहिली तर आतबाहेर कुठेही खूण नव्हती. ना वर्तुळातला ई, ना नागमोडी रेघ. विक्रेत्याने जाहिरातीत "युरोपीय पद्धतीचे" असं लिहिलं होतं, मंजूर असं नाही. दोन्हींत फार फरक आहे. ते परत गेले.

नंतर जुन्या भागांच्या बाजारात त्या काळची जोडी मिळाली. काचेवर वर्तुळातला ई 1 स्पष्ट. एका काचेला केसासारखी बारीक तडा होती, म्हणून तेवढी नाकारली आणि दुसऱ्या विक्रेत्याकडून तशीच खूण असलेली काच घेतली. तडा गेलेल्या काचेतून पाणी आत जातं, होल्डर हिरवा पडतो, आणि तडा तपासणीत दिसली की पुन्हा तेच. क्रोमच्या कडेवर थोडे डाग होते. ते तसेच राहिले.

एक गोष्ट हाताने पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बुडावरच्या दोन खुंट्या एकमेकींपेक्षा वर-खाली असतात, म्हणजे तो उलटा बसूच शकत नाही. एका फिलामेंटच्या बल्बच्या खुंट्या समोरासमोर, एकाच उंचीवर. त्यामुळे युरोपीय बल्ब अमेरिकन होल्डरमध्ये जातच नाही. दादांकडे दोन्ही जातींचे बल्ब एकाच खोक्यात होते. ते वेगळे करून प्रत्येक पिशवीवर नाव लिहिलं. रात्री रस्त्याच्या कडेला बल्ब बदलायची वेळ आली तर त्याचा उपयोग होईल.

वायरिंग

फोक्सवॅगनच्या वायरिंगमध्ये रंगांची शिस्त आहे. डाव्या इंडिकेटरची वायर काळी-पांढरी, उजव्याची काळी-हिरवी. पार्किंगच्या वायरा राखाडी. अर्थ तपकिरी. हेडलाइटचा जवळचा झोत पिवळ्या वायरने, लांबचा पांढऱ्या. जर्मन पद्धतीत टर्मिनलनाही ठरलेले आकडे असतात. पार्किंगचा 58, इंडिकेटरच्या फ्लॅशरमधून (दिवा लुकलुकवणाऱ्या स्विचमधून) बाहेर येणारा 49अ, अर्थ 31. हे आकडे डोक्यात असले की जुन्या गाडीतला गुंता उकलतो.

अमेरिकन आवृत्तीत राखाडी वायर इंडिकेटरपर्यंत येते. जर्मन आवृत्तीत ती हेडलाइटच्या डब्यात, रिफ्लेक्टरमधल्या 4 वॉटच्या छोट्या बल्बकडे जाते. म्हणजे काम एवढंच: राखाडी वायर इंडिकेटरमधून सोडवायची आणि हेडलाइटकडे न्यायची. इथे दादांनी एक अट घातली आणि ती चांगली होती. मूळ वायर कापायची नाही. तिच्या टोकाला थिंबल (धातूचं टोक) होतं तसंच ठेवून त्यावर पुढे नवी राखाडी वायर जोडली, स्लीव्ह घातली. उद्या कोणाला गाडी पुन्हा अमेरिकन करायची झाली तर जोड सोडवला की झालं.

आयातदाराने बसवलेल्या युरोपीय हेडलाइटमध्ये छोट्या बल्बची जागा होती, होल्डरही होता. वायर मात्र आलीच नव्हती. हेडलाइट बदलणाऱ्याने मोठे दिवे लागतात एवढंच पाहिलं होतं. एखादा भाग बदलला की त्याच्या जोडीने काय काय बदलायला हवं याची यादी कोणीतरी करायला हवी होती.

अर्थचं काम सर्वात जास्त वेळ खाऊन गेलं आणि सर्वात जास्त उपयोगी पडलं. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. मल्टीमीटरची वायर तिथवर पोचत नाही, म्हणून एक लांब वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावून पुढे आणली. इंडिकेटर पेटलेला असताना बल्बच्या पितळी आवरणापासून निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजलं. डावीकडे 1.8 व्होल्ट. म्हणजे बारा व्होल्टमधले जवळपास दोन अर्थमध्येच वाया जात होते. हे थोडं वाटेल, पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या सुमारे साडेतीनच्या घातात बदलतो. दिव्याला 12 ऐवजी 10.2 व्होल्ट मिळाले तर प्रकाश चाळीस टक्क्यांच्या आसपास घटतो. ही मोजणी पार्किंग बंद असतानाची. तेव्हा बोल्ट थोडा तरी पकडत होता. गाडी हलवली की तोही सुटायचा आणि तोच उलटा खेळ सुरू व्हायचा.

बोल्टाच्या बुडाशी मडगार्डच्या खालच्या बाजूने चारआण्याएवढा पत्रा पॉलिश पेपरने उघडा केला. दात असलेला वॉशर घातला, वर गंजरोधक ग्रीस. त्यावरही न थांबता बल्बच्या होल्डरपासून एक वेगळी तपकिरी वायर काढून पुढच्या डिकीतल्या मूळ अर्थ बिंदूला जोडली. मडगार्ड आणि गाडीच्या अंगामध्ये रबरी पट्टी असते. सगळा भरवसा त्या मडगार्डच्या बोल्टांवर ठेवायचा नाही, एवढाच हेतू. पुन्हा मोजल्यावर आकडा 0.1 व्होल्टवर आला. उजवीकडे आधी त्रास नव्हता, तरी तिथेही हेच केलं.

जर्मनीत विकल्या गेलेल्या बीटलना एक सोय असायची. किल्ली बंद करून इंडिकेटरची दांडी एका बाजूला केली की त्या बाजूचे पार्किंग लाइट तेवढे लागतात. अरुंद गल्लीत गाडी लावताना रस्त्याकडची बाजू दाखवायला उपयोगी. दादांना हे फार हवंसं वाटलं. त्यासाठी डाव्या-उजव्या पार्किंगच्या वायरा वेगळ्या करून दांडीचा स्विचच जर्मन बसवावा लागला असता. ही सोय नियमाने परवानगीची आहे, सक्तीची नाही. स्टिअरिंग उघडायचं धाडस या टप्प्यावर करू नये असं मला वाटलं आणि दादांनी ते मानलं.

दुसरी तपासणी आणि निकाल

जायच्या आधी आम्ही गॅरेजमध्ये स्वतःच तपासणी केली. पार्किंग लावला: पुढे दोन पांढरे, मागे दोन लाल, नंबरप्लेटचा दिवा. हेडलाइट लावल्यावरही तेच सगळे पेटलेले. मग पार्किंग चालू ठेवून डावा, उजवा, आणि धोक्याचे चारही इंडिकेटर. पूर्वीचा उलटा खेळ गेला होता. नियमाला मिनिटाला 90 लुकलुक हवेत, 30 इकडे किंवा तिकडे चालतात. पंधरा सेकंदांत मोजलेले चारने गुणले, 84 आले. इंजिन बंद आणि चालू दोन्ही वेळा पाहिलं, कारण जुना फ्लॅशर व्होल्टेजप्रमाणे चाल बदलतो.

परीक्षकाने काचेवरची खूण टॉर्चने पाहिली. बाजूने चालत गेला आणि इंडिकेटर किती कोनातून दिसतो ते पाहिलं. पुढचा इंडिकेटर बाहेरच्या बाजूला 80 अंश आणि आत 45 अंशांपर्यंत दिसायला हवा. बीटलचा इंडिकेटर मडगार्डच्या माथ्यावर उंच बसतो, त्यामुळे छोटं घर असूनही ही अट सहज पुरी होते. याच जागेचा आणखी एक फायदा आहे. इंडिकेटर हेडलाइटच्या अगदी शेजारी असेल तर युरोपीय नियम जास्त प्रखर दिवा मागतात, नाहीतर हेडलाइटच्या झगमगाटात तो हरवतो. हेडलाइटपासून दूर असलेल्या साध्या प्रकाराला किमान 175 कँडेला (प्रखरतेचं एकक) पुरतात. जुन्या बीटलच्या रचनाकारांनी इंडिकेटर वर ठेवला, त्याने हे काम सोपं झालं.

भोवतीची गडद निळी कड पाहून तो थांबला आणि कारण विचारलं. दादांनी पिशवीतून जुनं अमेरिकन घर काढून दाखवलं. मूळ भाग जपून ठेवलाय आणि बदल परतवता येतो, हे एच पाटीच्या अहवालात नोंदवलं गेलं. दोन्ही त्रुटी मिटल्या, कागद मिळाला.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी गोष्ट क्रमाची. गाडी विकत घेण्याआधी एखाद्या परीक्षकाला चार फोटो दाखवून बोलता आलं असतं. पुढचे दिवे पेटलेले, बंद, काचेवरची खूण जवळून, आणि हेडलाइटची मागची बाजू. तेवढ्यावरून दोन्ही त्रुटी सांगता आल्या असत्या आणि आयातदाराशी किंमत ठरवताना त्या धरता आल्या असत्या. "तपासणीला अडणार नाही" असं विक्रेता म्हणाला तर कोणते दिवे बदलले आणि कोणते नाही, हे करारात लिहून घ्यावं.

भाग मागवताना फोटोत खूण दिसत नसेल तर विक्रेत्याकडून काचेच्या कडेचा फोटो मागावा. विक्रेत्याने नकार दिला तर तिथे वेळ घालवू नये.

बाजूच्या परावर्तकांबद्दल माझं मन अजून पूर्ण शांत नाही. अमेरिकन घराबरोबर तेही गेले. त्या काळच्या जर्मन बीटलला ते नव्हते, त्यामुळे नियमाचा प्रश्न नाही. पण बिनदिव्याच्या ग्रामीण रस्त्यावर आडवी उभी राहिलेली छोटी गडद गाडी बाजूने दिसत नाही. पिवळे बाजूचे परावर्तक इथे चालतात, पण दादांना मूळ रूप मोडायचं नव्हतं. मी असतो तर खालच्या पट्टीवर चिकटवायचे छोटे, खूण असलेले परावर्तक लावले असते. काढले की डाग राहत नाही. दादा अजून विचार करतायत.

दांडीच्या स्विचचं काम पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवलंय. जर्मन स्विच मिळाला आहे. त्याच्या टर्मिनलवर डाव्या-उजव्या पार्किंगचे आकडे वेगळे आहेत, आणि जोडलेली राखाडी वायर दोन्ही बाजूंना स्वतंत्र ठेवल्यामुळे ती तिथवर नेणं फारसं अवघड जाणार नाही. जुनी अमेरिकन घरं, त्यांचे रबरी पॅड, बोल्ट आणि दोन फिलामेंटचे बल्ब दादांनी एका डब्यात ठेवलेत. डब्यावर गाडीचा चासी नंबर आहे आणि आत वायरिंगचा हाताने काढलेला नकाशा.